परदेशस्थ नागरिकांस सरकारचा इशारा



वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर, एखाद्या कोपऱ्यांत, अधूनमधून चार-सहा ओळींचा एक मजकूर छापलेला असतो. अमुक देशांतील परिस्थिति अनिश्चित असल्यामुळें तेथील भारतीय नागरिकांनीं सावध राहावें, अनावश्यक प्रवास टाळावा, वकिलातीशीं संपर्क ठेवावा, असा त्याचा साधारण आशय. आपल्यापैकीं बहुतेकांची नजर त्यावरून घसरून बाजारभावाकडे किंवा क्रिकेटच्या धावसंख्येकडे जाते. माझीहि जात असे. २०२२ सालच्या फेब्रुवारी महिन्यापासून ती जात नाहीं. त्याचें कारण घरगुती आहे, आणि तें सांगितल्यावांचून मला पुढें बोलतां येणार नाहीं.

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या त्या वेळीं युक्रेन देशांतील खार्किव्ह शहरीं वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षांत होती. ता. १५ फेब्रुवारी रोजीं कीव्ह येथील आपल्या वकिलातीनें एक पत्रक काढलें. चालू परिस्थितीच्या अनिश्चिततेमुळें युक्रेनमधील भारतीय नागरिकांनीं, विशेषतः ज्यांचें वास्तव्य अत्यावश्यक नाहीं अशा विद्यार्थ्यांनीं, तूर्त देश सोडण्याचा विचार करावा, असें त्यांत म्हटलें होतें. पत्रक इंग्रजींत होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलीचा फोन आला. "काका, तुम्ही इतकी वर्षं इंग्रजी शिकवलंत. इसेन्शियल म्हणजे नक्की काय? माझं इथं राहणं इसेन्शियल आहे कीं नाहीं?"

मी स्वतः मॅट्रिकपुढें शिकलों नाहीं. परंतु छत्तीस वर्षें शाळेंत मराठी व इंग्रजी व्याकरण शिकविलें असल्यामुळें शब्दाचा अर्थ माझ्याकडून विचारून घेण्याची आमच्या घरांत प्रथा आहे. मीं पत्रक समोर घेतलें आणि वर्गांत करावें तसें वाक्यपृथक्करण केलें. 'ज्यांचें वास्तव्य अत्यावश्यक नाहीं' हें विशेषणवाक्य. तें 'विद्यार्थी' ह्या नामाचें क्षेत्र संकुचित करतें. विद्यापीठानें वर्गांतील हजेरी सक्तीची ठेवलेली. गैरहजर राहिल्यास वर्ष बुडण्याची धास्ती. बंधूंनीं शेतजमिनीवर काढलेलें कर्ज अजून अर्धेंहि फिटलेलें नव्हतें. सबब मुलीचें वास्तव्य अत्यावश्यक ठरतें आणि सूचना तिला लागू होत नाहीं. शिवाय वकिलातीचें काम नेहमीप्रमाणें चालू असल्याचेंहि पत्रकांत नमूद होतें. त्यानें माझ्या निष्कर्षास बळकटीच आली. 'तूर्त थांबावयास हरकत नाहीं,' असें मीं तिला सांगितलें. व्याकरणाच्या दृष्टीनें उत्तरांत चूक नव्हती. आठव्या दिवशीं, ता. २४ रोजीं पहाटे, रशियाच्या सैन्यानें चढाई केली, युक्रेनचें आकाश प्रवासी विमानांस बंद झालें, आणि मुलगी वसतिगृहाच्या तळघरांत जाऊन बसली.

माझें उत्तर कोठें चुकलें ह्याचा शोध घेतांना, असले इशारे निघतात कसे आणि वाचावे कसे, ह्याविषयीं जें कांहीं समजलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

परदेशीं गेलेल्या नागरिकास त्याचें सरकार प्रत्यक्ष संरक्षण देऊं शकत नाहीं, हें आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. आपल्या पासपोर्टाच्या आंतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नांवानें जो मजकूर असतो तो एकदां स्वस्थपणें वाचावा. धारकास निर्वेध जाऊं द्यावें आणि त्याला लागेल तें साहाय्य व संरक्षण द्यावें, अशी ती सर्व संबंधितांस केलेली विनंतिवजा मागणी आहे. म्हणजे संरक्षण द्यावयाचें तें दुसऱ्यानें. १९६३ सालच्या व्हिएन्ना करारान्वयें वकिलातींतील अधिकाऱ्यांस अटकेंतल्या आपल्या नागरिकाची भेट घेतां येते. पासपोर्ट हरवल्यास घरीं परतण्यापुरतें प्रमाणपत्र देणें, विपन्नावस्थेंत सांपडलेल्याला परत धाडण्याची तजवीज करणें, हींहि कामें वकिलात करते, आणि त्यासाठीं आपल्या सरकारनें २००९ सालीं एक कल्याणनिधीहि उभारला. तथापि परक्या देशांत वकिलातीला पोलिस नाहीं, फौज नाहीं, किंवा तेथील न्यायालयाचा निकाल फिरविण्याचा अधिकार नाहीं. आपत्ति कोसळण्यापूर्वीं सरकारच्या हातीं शब्दांखेरीज फारसें साधन नसतें.

आणि हा शब्दहि आज्ञेचा नसतो. परदेशीं जाणें हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच एक भाग आहे, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं सतवंतसिंग सोहनी ह्यांच्या खटल्यांत व पुढें १९७८ सालीं मनेका गांधी ह्यांच्या खटल्यांत मान्य केलें आहे. कायद्यानें ठरविलेल्या योग्य मार्गाखेरीज तें हिरावून घेतां येत नाहीं. २०१६ सालीं लिबियास जाण्यास सरकारनें सरसकट बंदी घातली होती, परंतु तो अपवाद. एरव्हीं सरकार सांगतें तें सल्ल्याच्या रूपानें, आणि तो मानावयाचा कीं नाहीं हें ज्यानें त्यानें ठरवावयाचें.

मराठी व्याकरणांत आज्ञार्थ आणि विध्यर्थ असे क्रियापदाचे दोन निराळे अर्थ आपण शिकतों. 'निघ' हा आज्ञार्थ. 'निघावें' हा विध्यर्थ. विध्यर्थाच्या पोटीं कर्तव्य असतें, उपदेश असतो, इच्छा असते आणि नुसती शक्यताहि असते. त्यांतलें नेमकें कोणतें, हें संदर्भावरून ताडावें लागतें. सरकारी इशारा जवळजवळ सर्वस्वीं विध्यर्थांत लिहिलेला असतो. म्हणूनच एकच वाक्य वाचून एक माणूस सामान बांधावयास लागतो आणि दुसरा निश्चिंतपणें अंगावर पांघरूण ओढून घेतो.

ही अडचण ओळखून अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यानें जानेवारी २०१८ पासून प्रत्येक देशास चार पायऱ्यांपैकीं एक पायरी नेमून देण्यास आरंभ केला. पहिली पायरी नेहमीची काळजी घेण्याची, दुसरी अधिक सावधगिरीची, तिसरी प्रवासाचा फेरविचार करण्याची, आणि चौथी 'जाऊं नका' अशी. ब्रिटनचें परराष्ट्रखातें धोक्याच्या प्रदेशांसाठीं दोन ठराविक वाक्यें वापरतें: 'अत्यावश्यक कामाखेरीज जाऊं नये' आणि 'मुळींच जाऊं नये'. ह्या दोन वाक्यांच्या मागें पैशाचें बळ असतें. त्यांपैकीं एखादें वाक्य लागू असतांना तें डावलून जो ब्रिटिश नागरिक तेथें जातो, त्याचा प्रवासविमा बहुधा निरुपयोगी ठरतो, आणि सहली नेणाऱ्या कंपन्याहि आपल्या गिऱ्हाइकांना माघारीं आणतात. आपल्या परराष्ट्रमंत्रालयाच्या सूचनांस मात्र आकडा नसतो. आपल्याला शब्दांवरूनच पायरी ओळखावी लागते, आणि ती ओळखण्याची माझ्या मतें एकच रीत आहे: आजचें पत्रक मागच्या पत्रकाशेजारीं ठेवून वाचावें.

कीव्हच्या पत्रकांनाच ही रीत लावून पाहूं. जानेवारीच्या अखेरीस वकिलातीनें युक्रेनमधील भारतीयांस आपलीं नांवें नोंदविण्यास सांगितलें होतें. देश सोडण्याची भाषा त्यांत नव्हती. १५ फेब्रुवारीस 'सोडण्याचा विचार करावा' असे शब्द आले. २० फेब्रुवारीस 'विचार' हा शब्द गळाला, आणि 'वास्तव्य अत्यावश्यक नसलेले नागरिक व सर्व विद्यार्थी' ह्यांनीं तूर्त देश सोडावा असें आलें. येथें लक्षांत घ्यावें कीं, विद्यार्थ्यांमागचें तें विशेषणवाक्य, ज्यावर मीं माझी सगळी इमारत उभारली होती, तें पांच दिवसांत नाहींसें झालें होतें. २२ फेब्रुवारीस तर स्पष्टच सांगण्यांत आलें कीं, घरबसल्या शिक्षणाची सोय होणार कीं नाहीं ह्याविषयीं विद्यापीठाच्या लेखी उत्तराची वाट न पाहतां विद्यार्थ्यांनीं निघावें. आठ दिवसांत तीन पत्रकें, आणि प्रत्येकाचा सूर आधीच्याहून एक पट्टी वर. मीं एका वाक्याचें पृथक्करण करीत बसलों. त्या वाक्याआधीं काय म्हटलें होतें आणि आतां काय म्हटलें जात आहे, हा खरा अर्थ माझ्या दृष्टीआड राहिला. देश सोडण्याचा नुसता उल्लेख प्रथमच झाला, हीच १५ तारखेची बातमी होती.

मग पहिल्याच दिवशीं सरकारनें 'निघा' असें कां म्हटलें नाहीं, हा प्रश्न रास्त आहे. मीहि तो रागानें विचारला होता. ब्रिटननें तर ११ फेब्रुवारीसच आपल्या नागरिकांस, प्रवासी विमानें मिळत आहेत तोंवर आतांच निघा, असें सांगितलें होतें. परंतु इशारा लिहिणाऱ्याच्या हाताला किती बाजूंनीं ओढ असते, हें पाहिल्यावर माझा राग पुष्कळसा निवळला; सर्व निवळला असें म्हणणार नाहीं.

एक ओढ असते ती यजमान राष्ट्राची. आपला देश धोकादायक आहे असें दुसऱ्या सरकारनें जाहीरपणें म्हणणें कोणासहि रुचत नाहीं. त्याच वर्षीं जानेवारीच्या अखेरीस युक्रेनच्या अध्यक्षांनीं, असल्या इशाऱ्यांनीं घबराट माजते आणि आमच्या अर्थव्यवस्थेस धक्का बसतो, अशी उघड तक्रार केली होती. ट्युनिशियाचें उदाहरण तर अधिक बोलकें आहे. तेथें जून २०१५ मध्यें सूस ह्या समुद्रकिनाऱ्यावरील गांवीं एका बंदुकधाऱ्यानें ३८ पाहुण्यांची हत्या केली; त्यांतले ३० ब्रिटिश होते. मार्च महिन्यांत राजधानींतील वस्तुसंग्रहालयावर हल्ला होऊन गेला होता, आणि आणखी हल्ले होऊं शकतील असें ब्रिटिश पत्रकांत लिहिलेलेंहि होतें; मात्र 'जाऊं नये' हें वाक्य त्या किनाऱ्याला लावलेलें नव्हतें. जुलैंत तें लावण्यांत आलें. हजारों प्रवासी परत आणले गेले, आणि त्यानंतर दोन वर्षें, २०१७ च्या जुलैपर्यंत, ब्रिटिश पाहुणा त्या किनाऱ्यावर जवळजवळ दिसेनासा झाला. खानावळीचा नोकर, टांगेवाला, गालिचे विकणारा, ह्या सर्वांच्या पोटावर त्या एका वाक्याचा पाय पडला. वाक्य लवकर लिहावें तर गरिबाची रोजी जाते, उशिरां लिहावें तर प्रवाशाचा प्राण जातो. लिहिणाऱ्या अधिकाऱ्यास दोन्ही बाजूंचा हिशेब आधीं मांडतां येत नाहीं.

दुसरी ओढ असते ती इशाऱ्याचें मोल टिकविण्याची. दर महिन्यास 'लांडगा आला' अशी हांक मारणाऱ्याकडे गांव लक्ष देत नाहीं, ही गोष्ट आपण मुलांना सांगतों. सरकारी कचेरीला ती रोज अनुभवावी लागते. शिवाय आपल्या वकिलातीपुढें आणखी एक निराळा पेंच होता. युक्रेनमध्यें सुमारें वीस हजार भारतीय होते, आणि त्यांत बहुसंख्य विद्यार्थी. त्यांना 'निघा' म्हणून सांगितलें आणि युद्ध झालेंच नाहीं, तर बुडालेल्या वर्षाचा जाब कोणी द्यावयाचा? 'अत्यावश्यक' हा लवचीक शब्द ह्या पेंचांतूनच जन्मला असावा, असें माझें अनुमान आहे. जबाबदारीचें ओझें त्यानें हळूच वाचकाच्या खांद्यावर ठेवलें, आणि आमच्या घरांत तें माझ्या खांद्यावर आलें.

परंतु ह्या सर्व ओढाताणींत एक प्रश्न असा आहे कीं, ज्याला सबब चालत नाहीं. सरकारला जें ठाऊक आहे तें सर्वांना सांगितलें जातें, कीं कांहींजणांनाच? अमेरिकेंत ह्या प्रश्नाला फार दुःखद रीतीनें तोंड फुटलें. ता. ५ डिसेंबर १९८८ रोजीं फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील अमेरिकन वकिलातींत एका अनामिकाचा फोन आला कीं, येत्या दोन आठवड्यांत फ्रँकफुर्टहून अमेरिकेस जाणाऱ्या पॅन ॲम कंपनीच्या विमानांत बाँबचा स्फोट होईल. ही खबर विमानकंपन्यांस आणि निरनिराळ्या अमेरिकन वकिलातींस कळविण्यांत आली. मॉस्कोच्या वकिलातींत ती सूचनाफलकावर लावली गेली, आणि तेथील मंडळींना ती वाचावयास मिळाली. सर्वसामान्य उतारूला ह्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. ता. २१ डिसेंबर रोजीं त्याच कंपनीचें लंडनहून न्यूयॉर्कला निघालेलें विमान स्कॉटलंडमधील लॉकर्बी गांवावर स्फोट होऊन कोसळलें. विमानांतील २५९ आणि गांवांतील ११, मिळून २७० माणसें मृत्युमुखीं पडलीं. फ्रँकफुर्टहून निघालेले कांहीं उतारू लंडनला त्या विमानांत चढले होते.

पुढें तपासाअंतीं तो फोन म्हणजे निव्वळ थाप होती आणि त्याचा त्या घातपाताशीं संबंध नव्हता, असा निष्कर्ष निघाला. पण मृतांच्या नातेवाइकांचा प्रश्न त्यामुळें खोटा ठरला नाहीं. वकिलातींतल्या लोकांना वाचावयास मिळालें तें आमच्या मुलांना कां नाहीं, एवढेंच ते विचारीत होते. अध्यक्षांनीं नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९९० सालीं आला, आणि त्याच वर्षीं विमानसुरक्षेचा नवा कायदा झाला. तेव्हांपासून अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यानें असा दंडक पाळण्याचें ठरविलें आहे कीं, धोक्याची जी सूचना सरकारी नोकरांना दिली जाईल ती सामान्य नागरिकांसहि द्यावयाची. दोघांना दोन मापें नाहींत.

ह्या दंडकांतून घरीं बसलेल्या वाचकासहि एक खूण मिळते. वकिलात आपल्या स्वतःच्या माणसांविषयीं काय करते, तिकडे लक्ष ठेवावें. अमेरिकेनें जानेवारी २०२२ मध्येंच कीव्ह येथील आपल्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबियांना परत येण्याचा हुकूम दिला होता. आपल्या वकिलातींतील अधिकाऱ्यांच्या कुटुंबियांना निघण्यास सांगण्यांत आल्याची बातमी २० फेब्रुवारीस आली. पत्रकांतल्या विध्यर्थाचा अर्थ लागत नसेल तेव्हां ही कृति वाचावी. तिला विशेषणवाक्य नसतें.

आतां इशारा ऐकणाऱ्याच्या बाजूस येऊं. 'इतकें सांगूनहि हे लोक निघाले कां नाहींत?' असें आपण दिवाणखान्यांत बसून सहज बोलून जातों. येमेनमध्यें २०१५ च्या जानेवारीपासून आपलें सरकार नागरिकांस परत येण्यास सांगत होतें. मार्चच्या अखेरीस हवाई हल्ले सुरू झाले आणि सनाचा विमानतळ बंद पडला, तेव्हांहि तेथें हजारों भारतीय होते. आपल्या आरमाराच्या युद्धनौकांनीं त्यांतल्या अनेकांना एडन व होदेदा ह्या बंदरांतून काढून समुद्रापलीकडे जिबूतीस पोहोंचविलें, आणि तेथून विमानांनीं मुंबईस व कोचीस आणलें. एकंदर साडेचार हजारांहून अधिक भारतीय आणि एक्केचाळीस देशांचे नऊशेंहून अधिक परकीय येमेनमधून सुटले. त्याआधींच्या वर्षीं इराकमधील टिक्रित शहरीं ४६ भारतीय परिचारिका अडकल्या होत्या, त्यांची हकीकत आपल्याला आठवत असेल. महिनोन्महिने पगार थकलेला, आणि नोकरी मिळविण्यासाठीं केरळांत कर्ज काढलेलें. परत जावें तर कर्ज फेडावयाचें कशानें, हा विचार त्यांच्यापैकीं कित्येकींच्या मनांत तोफांच्या आवाजापेक्षां मोठा होता. सुदैवानें त्या सगळ्या जुलै २०१४ मध्यें सुखरूप घरीं आल्या.

अशा माणसास 'देश सोडावा' असें सांगणें म्हणजे विहिरींत पडलेल्यास 'वर यावें' असें सांगण्यासारखें आहे. सल्ला खोटा नसतो. फक्त दोर टाकलेला नसतो. युक्रेनमधील विद्यार्थ्यांचीहि गत हीच होती. परराष्ट्रमंत्र्यांनीं मार्च २०२२ मध्यें संसदेंत जें निवेदन केलें त्यांत, सूचना देऊनहि बहुसंख्य विद्यार्थी राहिले, अभ्यासाचें नुकसान करून घेण्यास ते स्वाभाविकच नाखूष होते, आणि कांहीं विद्यापीठांनीं त्यांना जाण्यापासून परावृत्त केलें, हें मोकळेपणानें मान्य केलें आहे. युद्धापूर्वीं सुमारें चार हजारच लोक निघाले. तिकिटांचे दर चढत होते; विमानांच्या संख्येवरील मर्यादा सरकारनें उठविली ती १७ तारखेस; एअर इंडियाचें पहिलें खास विमान परत आलें तें २२ च्या रात्रीं, आणि दुसरें २४ तारखेस अर्ध्या वाटेवरून रिकामें माघारीं वळलें. आमच्या बंधूंनीं २१ तारखेस तिकीट काढलें होतें. तें २६ चें होतें.

पुढचे दिवस मी सविस्तर सांगत नाहीं. मुलीं-मुलांनीं तळघरांत आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांत रात्री काढल्या. १ मार्च रोजीं त्याच शहरांत वाणसामानासाठीं रांगेंत उभा असलेला कर्नाटकचा एक विद्यार्थी तोफगोळ्यानें मारला गेला. २ मार्चला वकिलातीचें जें पत्रक निघालें त्यांत विध्यर्थाचा मागमूस नव्हता. खार्किव्ह तात्काळ सोडा. पेसोचिन, बाबाये, बेझल्युदोव्का ह्या गांवांकडे जा. वाहन मिळत नसेल तर पायीं जा. आणि कोणत्याहि परिस्थितींत संध्याकाळीं सहाच्या आंत पोहोंचा. अंतरेंहि दिलेलीं होतीं: अकरा, बारा आणि सोळा किलोमीटर. माझी पुतणी रेल्वे स्थानकावर होती. गाडींत शिरावयास जागा मिळेना. ती इतरांबरोबर बर्फांतून पेसोचिनला चालत गेली. पाठीवरच्या पिशवींत तिनें दोन पुस्तकें घेतलीं होतीं, तीं वाटेंत टाकून दिलीं. तेथून दोन दिवसांनीं बस मिळाली, आणि तिसऱ्या देशाची सरहद्द ओलांडून ती विमानानें दिल्लीस आली. एकूण सुमारें साडेबावीस हजार भारतीय युक्रेनमधून परत आले आणि त्या मोहिमेंत नव्वद विमानफेऱ्या झाल्या. हें काम मोठें झालें ह्यांत शंका नाहीं, आणि ज्या अधिकाऱ्यांनीं तें केलें त्यांचें ऋण आमचें घर विसरणार नाहीं.

मात्र त्यानंतर आमच्या घरांत आणि ओळखीच्या कांहीं घरांत वागणूक थोडी बदलली आहे. मूल परदेशीं शिकावयास निघालें कीं, परतीच्या तिकिटापुरती रक्कम शुल्काच्या हिशेबांत न मिसळतां वेगळी ठेवावयाची, आणि तिला कोणत्याहि कारणासाठीं हात लावावयाचा नाहीं. किती दिवसांची हजेरी बुडाली तर चालेल, हा प्रश्न विद्यापीठास आधींच विचारून ठेवावयाचा. कारण इशारा आल्यावर तो विचारीत बसण्यास वेळ नसतो. पोहोंचल्याबरोबर तेथील आपल्या वकिलातींत नांव व पत्ता नोंदवावयाचा. ज्याचा पत्ता ठाऊक नाहीं त्याला वकिलात बोलावणार कोठून? नोकरीसाठीं जाणाऱ्यानें तर निघण्याच्या आधींच सूचना पाहाव्या, कारण हल्लीं त्या नुसत्या युद्धापुरत्या राहिल्या नाहींत. थायलंडमध्यें संगणकाची नोकरी देतों म्हणून तरुणांना नेऊन म्यानमारमध्यें डांबून ठेवणाऱ्या टोळ्यांविषयीं आपल्या परराष्ट्रमंत्रालयानें सप्टेंबर २०२२ मध्यें जाहीर इशारा दिला होता, आणि दलालाची पारख करून घेण्यास सांगितलें होतें. तो किती घरांत वाचला गेला असेल कोण जाणे.

वकिलातीच्या पत्रकांवर मी आतां तारीख टाकून वहींत चिकटवून ठेवतों. शाळेंत असतांना वर्तमानपत्रांतील कात्रणें जमविण्याचा छंद होता, तोच ह्या वयांत निराळ्या कामीं आला आहे. बंधु थट्टेनें म्हणतात कीं, अण्णांनीं परराष्ट्रखातें उघडलें. पुतणीनें उरलेलें शिक्षण दुसऱ्या देशांतील विद्यापीठांत पुरें करण्याचें ठरविलें, तेव्हां तेथें उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीं तिचा फोन आला. वकिलातींत नांव नोंदविल्याचें तिनें सांगितलें, मग नोंदणीचा क्रमांक सांगितला, आणि तो मीं लिहून घेईपर्यंत ती फोनवर थांबली.